काकांचा रविवारचा उपास

बी.ए. झालो तेव्हा आमच्या सगळ्या खानदानात कॉलेजची पायरी चढलेला मी एकटाच होतो. गोरेगावातल्या आमच्या मजल्यावरही मी एकटाच. त्यामुळे समोरच्या खोलीतले काका दर रविवारी सकाळी हातात कोरे कागद घेऊन यायचे. काका मालवणकडचे, गिरणीतून निवृत्त झालेले. त्यांचा मुलगा मॅट्रिकला दोनदा आपटलेला. त्याच्या नोकरीचे अर्ज इंग्रजीत मी लिहायचो.

"तुम्हा लोकांचं बरं हाय रे," काका खुर्चीवर टेकत म्हणायचे. "सगळं आयतं मिळतं."

मी 'रिस्पेक्टेड सर' लिहीत विचारायचो, "काका, मग हे इंग्रजी पण आयतंच मिळालं असेल ना मला?"

काका पुढचा कोरा कागद माझ्याकडे सरकवायचे.

माझ्या पहिल्या पगारातून आईनं चिनी मातीचे सहा कप आणले होते. आम्ही घरात तीनच माणसं. उरलेले तीन कप पाहुण्यांचे. आमची माणसं येत, पीत. पण मजल्यावरच्या एखाद्या शेजाऱ्यानं आमच्याकडे बसून चहा प्यावा, एवढं एकच आईच्या मनात होतं. आम्ही बौद्ध, हे मजल्याला माहीत होतं. काका दर रविवारी म्हणत, "नको वहिनी, आज उपास."

"उपासाला चहा चालतो की."

"माझा कडक असतो."

"रविवारचा कसला उपास, भाऊ?"

"सूर्याचा," काका म्हणाले. त्या दिवशी बाहेर ढग होते.

गंमत म्हणजे काकांचं दूध रोज आईच आणायची. त्यांचे गुडघे दुखत, म्हणून त्यांचं दुधाचं कार्डही तिच्याकडेच असे. पहाटे सरकारी दूधकेंद्रावर रांग लावून ती चार बाटल्या आणायची, दोन आमच्या, दोन त्यांच्या. काचेच्या बाटलीला वरून पातळ चंदेरी झाकण असे. ते शाबूत असलं की काकांना काही अडचण नसे. रिकाम्या बाटल्या केंद्रावर परत जात, धुऊन पुन्हा भरून कुणाच्याही घरी येत. काल आमच्याकडे असलेली बाटली आज काकांकडे. पण झाकण होतं ना!

एका रविवारी काका आले तेव्हा आईनं चहा आधीच उकळत ठेवला होता. ओट्यावर काकांची बाटली, झाकण काढलेली.

"भाऊ, चुकून तुमचीच फोडली बघा. आता हे दूध तुमचंच."

आई अशा बाबतीत कधी चुकत नसे, हे मला ठाऊक होतं. मी खाली मान घालून लिहीत राहिलो.

काकांनी घसा खाकरला. "आणि पाणी?"

"गॅलरीतल्या नळाचं. तुम्ही भरता तेच."

"साखर?"

"रेशनची. तुमच्या लेकामागंच उभी होते रांगेत."

काकांची नजर ओट्यावर फिरली. शेवटी म्हणाले, "पातेलं?"

"पातेलं आमचं," आई कपात चहा ओतत म्हणाली. "त्याला काय करू?"

मी पेन खाली ठेवलं. अर्ज अर्धा होता आणि तो उद्याच टाकायचा होता. काकांनी माझ्याकडे पाहिलं, पेनाकडे पाहिलं, मग कप उचलून एका दमात रिकामा केला. डोळ्यांत पाणी आलं बिचाऱ्यांच्या, इतका गरम होता.

"साखर कमी आहे," ते म्हणाले.

आई खूश. चव घेतल्याशिवाय का कुणी खोट काढतं? पण जाताना काका हळूच म्हणाले, "आमच्या हिला सांगू नका हं." तेवढ्यावर तिचा चेहरा उतरला.

पुढच्या रविवारी काका आले. उंबऱ्यावर उभे राहून, सगळ्या गॅलरीला ऐकू जाईल असं म्हणाले, "चहा नको हं वहिनी, उपास आहे!" मग आत येऊन दार लोटलं, आणि आवाज उतरवून म्हणाले, "दोन चमचे घाला आज."

आई उठली. तिनं आधी दार सताड उघडलं, त्याला खालून पाटा लावला, आणि मगच चहाचं आधण ठेवलं.