रावणाला कोरडं ठेवायचं होतं

आमची होडी चालते पाण्यावरून, पण वाट धरते जमिनीवरची. हे सांगितलं की जव्हारच्या शाळेतले माझे सहशिक्षक हसतात. हसू देत. त्यांच्यापैकी एकालाही भर पाण्यात बैलगाडीची वळणं घ्यावी लागलेली नाहीत.

मोखाड्याकडच्या डोंगरांत धरण झालं, खोऱ्यातलं जुनं गाव बुडालं आणि टेकड्यांची बेटं झाली. आमचा पाडा एका बेटावर, मामाचं घर दुसऱ्यावर. बा जन्माचा नाचणी पिकवणारा, चाळिशी उलटल्यावर होडी शिकला. बांबूच्या काठीला आईचं जुनं लुगडं, हेच शीड. हात चांगला बसला त्याचा, पण पाण्याखालचं गाव विसरायला तो काही तयार नव्हता. "हितं गाडीवाट वळते," म्हणायचा आणि होडी वळवायचा. शेतं आली की बांधाबांधानं जायचा.

"आता तिथं भात नाय, मासं हायेत," आई म्हणायची.

"म्हणून दुसऱ्याचं शेत तुडवायचं?"

सगळ्यात मोठं वळण वाघदेवाचं. जुन्या शिवेवर, झऱ्याच्या काठी त्याचा दगड होता. आता त्यावर चार पुरुष पाणी. देवाच्या डोक्यावरून जायचं नाही, म्हणून बा अर्धा कोस वळसा घालायचा. तरीही जवळ आलं की चपला काढायचा, हात पाण्यात सोडायचा आणि म्हणायचा, "झरा जिता हाय. पाणी गार लागतं." आई आणि मीही हात घालून बघायचो. आम्हाला पाणी पाण्यासारखंच लागायचं.

दोन वर्षांमागे आमच्या पाड्यावर बोहाडा होता. बोहाड्यात रात्रभर संबळावर मुखवट्यांची सोंगं एकामागून एक नाचतात, आणि कुठलं सोंग कुठल्या घराचं ते ठरलेलं असतं. रावण आमच्या घरचा. पहाटे त्याचा पुकारा होतो. पुकाऱ्याला रावण हजर नसला तर मान कायमचा शेजारच्या घराला. शेजारचे काका त्यामुळे दरवर्षी बाच्या गुडघ्यांची फार आपुलकीने चौकशी करायचे.

त्या वर्षी मुखवटा रंगवायला मामाकडे दिला होता. कागदाच्या लगद्याची दहा तोंडं, पाणी लागलं की पुन्हा लगदा. आम्ही आणायला गेलो तर शेवटच्या तोंडाच्या मिशा ओल्या.

"नऊ सुकलीत. घेऊन जा," मामा म्हणाला.

"नऊ तोंडांचा रावण कुणी बघितलाय का?" बा म्हणाला आणि खाली बसला.

मिशा सुकेपर्यंत रात्र झाली. निघालो तेव्हा वारा बेताचा होता. रेंज येईल तशी पाड्यावरची खबर मिळत होती, आणि ती कोण देत होतं तर शेजारचे काका. "गणपती नाचून गेला. सावकाश या." थोड्या वेळाने, "मारुती झाला. अंधार हाय, घाई नका करू."

अर्ध्या वाटेत वळवाचं वादळ उठलं. पहिल्याच झटक्यात निम्मं लुगडं फाटून गेलं. लाटा आत येऊ लागल्या. मामीने दिलेले वडे आईने पदरात ओतले आणि त्याच पातेल्याने ती पाणी उपसायला लागली. प्लॅस्टिकचा कागद एकच. बाने रावण स्वतःच्या डोक्यावर चढवला, वरून कागद गुंडाळून घेतला आणि एका हाताने होडीचा काठ धरून मधोमध बसला. त्याला आता काहीच दिसत नव्हतं. वल्हं माझ्याकडे आलं.

"वाघदेवाला वळसा घाल," रावणाच्या आतून आवाज आला.

वळसा घालायचा म्हणजे वारा आडवा घ्यायचा. होडी उलटली असती, आणि नसती उलटली तरी पुकारा चुकला असता. वीज चमकली तेव्हा मी आईकडे बघितलं. तिने पातेलं सरळ समोर दाखवलं. मी सरळ मारली. भीतीने माझे दात वाजत होते. देवाची जास्त की पाण्याची, ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं.

"वळलीस का?"

"वळले, बा."

"नीट वळलीस?"

"नीट."

शाळेत तपासणीला येणाऱ्या साहेबांना मी बरंच काही सांगत आले आहे. पण इतकं जड कधी गेलं नव्हतं.

फोन पुन्हा वाजला. "भीम नाचतोय. पुढं रावणच. तुम्ही आपले दमानं या."

काठाला लागलो तसा बा मुखवट्यासकट पळत सुटला. पुकारा झाला आणि रावण उभा होता. दहाही तोंडं कोरडी, मिशा जागच्या जागी. बा असा नाचला की काकांनी पुन्हा गुडघ्यांचं नाव काढलं नाही. मला रडू फुटलं, आणि आई पदरातले भिजके वडे वाटत सुटली.

उजाडल्यावर मी पातेलं आणायला होडीकडे गेले. फळीखाली बाच्या चपला होत्या, जोडीने ठेवलेल्या, वाहून जाऊ नयेत म्हणून सुतळीने फळीला बांधलेल्या.

बा ओट्यावर चहा पीत होता. मी चपला त्याच्यापुढे ठेवल्या.

"कवा काढल्यास?"

"हाताला पाणी गार लागलं तवा."

माझे कान तापले. आई चुलीत नसलेला जाळ फुंकत बसली. बाने चहा संपवला, चपला पायात घातल्या.

"देवाला सांगितलं मी," तो म्हणाला, "पोर नवी हाय, तिला वाट ठाऊक नाय."

तेव्हापासून मामाकडे जाताना वल्हं माझ्याकडे असतं. आई कुरकुरते, पण मी वळसा घालते. सगळा अर्धा कोस.