रंगीत छपाईची वही

निवृत्त होऊन आता काही वर्षं झाली, पण ती एक घटना मनातून जात नाही. खून नव्हता, दरोडा नव्हता. दप्तरी ती साधी मिसिंगची नोंद होती.

छत्रपती संभाजीनगर शहरातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. ठाण्यात रंगीत प्रिंटर आला आणि त्यावर कर्मचाऱ्यांच्या मुलांचे शाळेचे प्रकल्प, बारशाची निमंत्रणं, देवांचे फोटो असं सगळं निघू लागलं. शाई महिनाभरही पुरेना. मी हात आखडता घेतला. आदेश काढला की छपाई काळीपांढरीच होईल; रंगीत हवी असेल तर वहीत कारण लिहून माझी सही घ्यावी. वरिष्ठांच्या आढावा बैठकीचे तक्ते तेवढे वगळले. तीच शाई चार महिने चालली. बैठकीत माझं कौतुक झालं, दोन ठाण्यांनी आदेशाची प्रत मागून नेली. माझी कॉलर ताठ झाली होती, हे कबूल करतो.

मे महिन्यातल्या एका सोमवारी अजिंठ्याकडच्या वस्तीवरचा एक धनगर शेतकरी ठाण्यात आला. वय चाळिशीचं. वडिलांचे डोळे दाखवायला शहरातल्या दवाखान्यात आला होता. तो केसपेपर काढायला रांगेत उभा राहिला, परत येऊन बघतो तर बाकावर वडील नाहीत. म्हातारा जन्मभर मेंढरांमागे हिंडलेला, पण अलीकडे त्याला विसर पडायचा. गावाचं नावही सांगता येत नसे.

आमच्या महिला हवालदारांनी मुलाच्या मोबाईलमधल्या फोटोवरून शोधपत्रिका तयार केली. छापलेला कागद बघून मुलगा म्हणाला, "म्याडम, आबांचा फेटा लाल हाय. ह्यात तर काळाच झालाय."

हवालदार वही घेऊन माझ्याकडे आल्या. मी सही केली नाही.

"खाली 'लाल फेटा' असं लिहिलंय ना? मग झालं."

मुलानं हात जोडले. "साहेब, कोण वाचत बसतंय? लांबून फेटाच दिसतो."

"हे पोलीस ठाणं आहे, फोटो स्टुडिओ नाही," मी म्हणालो. माझे शब्द मला जसेच्या तसे आठवतात.

काळेपांढरे कागद रस्त्यारस्त्यावरच्या हॉटेलांत आणि थांब्यांवर लागले. मोबाईलच्या ग्रुपवरही सही-शिक्क्याच्या त्याच कागदाचा फोटो काढून पाठवला गेला. मूळ फोटो पाठवावा, हे कुणालाच सुचलं नाही.

बुधवारी सकाळी त्यांच्या भावकीतल्या एकाचा फोन आला. म्हाताऱ्याची जमीन आठच दिवसांपूर्वी मुलाच्या नावावर झाली होती. "पोरानंच कुठं तरी सोडून दिलं आसंल," असं तो म्हणाला. मला धागा सापडल्यासारखं वाटलं. मुलाला बोलावून घेतलं आणि बुधवार-गुरुवार असे दोन दिवस ठाण्यात बसवलं. रांगेत किती वेळ होतास, घरी भांडण कधी झालं, जमिनीचं कुणी सुचवलं, तेच तेच फिरवून विचारलं. तो अडखळत होता, वेळा मागंपुढं सांगत होता. पढवलेली गोष्ट दर वेळी सारखीच येते, खरं सांगणारा अडखळतो, हे मीच नव्या फौजदारांना शिकवायचो. त्या दोन दिवसांत मला माझंच शिकवणं आठवलं नाही.

तो एकच म्हणत होता, "साहेब, मला मागून इचारा. आदी हुडकाया जाऊ द्या. ऊन लई हाय."

शुक्रवारी जालना रस्त्यावरच्या एका काळीपिवळीवाल्यानं सांगितलं, असा एक म्हातारा मंगळवारी करमाडला उतरला होता. मुलाला गाडीत घेऊन मी करमाडला गेलो. रस्त्यालगत एक चहाचं हॉटेल होतं. दर्शनी भिंतीवर आमचा कागद होता. मुलानं हॉटेलवाल्यापुढे मोबाईल धरला आणि तो लगेच बोलला, "ह्ये बाबा? बुधवारी दिवसभर इथंच तर बसले व्हते. ह्या बाकड्यावर."

ते बाकडं त्या कागदाच्या बरोबर खाली होतं. मी भडकलो. "कागद केव्हा लावला?"

"बुधवारीच, सकाळी. तुमचाच शिपाई लावून गेला."

"मग फोन का केला नाहीस? कुणी तोंड बंद केलं तुझं?"

त्यानं भिंतीवरचा कागद उपटला आणि माझ्यापुढे धरला. आवाज चढवला नाही. "साहेब, बघा तुमीच. काळ्या फेट्याचा माणूस हाय ह्यात. मी दोनदा वर बघितलं, दोनदा बाबाकडं बघितलं. म्हणलं, ह्यो दुसराच कुणी."

गेल्या दोन दिवसांत मी विचारलेल्या सगळ्या प्रश्नांपेक्षा त्याचं बोलणं सरळ होतं.

पुढचं त्यानंच सांगितलं: बुधवारी संध्याकाळी रस्त्यावरून एक कळप गेला तसा म्हातारा उठला. "मेंढरं फुडं गेली," म्हणाला आणि मागोमाग चालू लागला. हॉटेलवाल्यानं त्याला चहा आणि भाकरी दिली होती, पैसे घेतले नव्हते.

कळप गेला त्या दिशेनं आम्ही शोध घेतला. कोरड्या नाल्याच्या काठी, बाभळीखाली तो सापडला. फेटा नीट बांधलेला होता आणि खरंच दुरून आधी तोच दिसला. शवविच्छेदनात निघालं की उष्माघातानं गुरुवारी दुपारी प्राण गेला. त्या वेळी त्याचा मुलगा माझ्यासमोर खुर्चीत बसलेला होता.

काटकसर चूक होती असं मी आजही म्हणणार नाही. सरकारी शाई बारशाला वापरू नये. पण रंग कुठे शोभेचा आणि कुठे कामाचा, हे न बघता मी सरसकट सही रोखली होती, आणि जिथं तो शोभेचा होता तिथंच मोकळा सोडला होता. पुढच्याच आठवड्यात मी आदेश बदलला. बैठकीचे तक्ते काळे केले, शोधपत्रिका रंगीत. या वेळी प्रत मागायला कुणी आलं नाही.

त्याआधी, अंत्यविधी उरकून मुलगा कागदपत्रांवर सह्या करायला ठाण्यात आला होता. मी त्याची माफी मागितली. सह्या करून तो उठला. निघताना दारात थांबला.

"साहेब, आबांचा दुसरा फोटो नाय आमच्याकडं. भिंतीला लावाया एक कागद काढून द्याल का? लाल फेट्याचा."

मी वही मागवली आणि स्वतःच्या हातानं भरली. त्या महिन्यात वहीत तेवढी एकच नोंद आहे. कारणाच्या रकान्यात लिहिलंय, 'मयताच्या मुलास देण्याकरिता.' खाली माझी सही आहे.