हळदीकुंकवाचं बोलावणं

आम्ही ख्राइस्टचर्चला आलो तेव्हा भूकंपाला वर्ष उलटून गेलं होतं, तरी शहराचा मधला भाग कुंपणाआड होता. रस्त्यावर जिथे-तिथे नारिंगी शंकू आणि कामावर जायचा रस्ता दर आठवड्याला वेगळा. नवरा स्ट्रक्चरल इंजिनियर. भेगा पडलेल्या इमारती ठेवायच्या की पाडायच्या, हे तपासणाऱ्या लोकांत त्याला नोकरी मिळाली होती. मी फार्मासिस्ट, पण इथल्या परीक्षा देऊन हॉस्पिटलच्या फार्मसीत उभी राहीपर्यंत बराच काळ गेला. तोवर मी घरात बसून समोरच्या म्हाताऱ्याचं गवत कापणं बघायची. पुण्याहून फोन आला की सगळ्यांचा पहिला प्रश्न मेंढ्या दिसतात का. मेंढ्या सोडा, मला दिवसभर माणूस दिसत नव्हतं.

पहिली मराठी बाई भेटली ती रिकार्टनच्या भारतीय दुकानात. माझ्या मागून आवाज आला, "अहो, ही तूरडाळ नका घेऊ, जुनी आहे, शिजायची नाही." मी वळून बघितलं आणि चक्क माझे डोळे भरून आले. एका तूरडाळीवरून रडणारी बाई बघून तीही घाबरली असेल. ती मूळची नाशिकची, इथे नर्स. पुढे तीच माझी सख्खी मैत्रीण झाली. सख्खी म्हणण्यात अतिशयोक्ती नाही. माझ्या मुलीच्या जन्माच्या वेळी माझी आई व्हिसाच्या भानगडीत अडकली होती आणि डिंकाचे लाडू हिने केले होते.

तिच्यामुळे बाकीची घरं कळली. आठ-दहा कुटुंबं, सगळी आमच्यासारखीच. शनिवारी कुणाच्या तरी घरी जमायचं. पुरुष बाहेर बार्बेक्यूभोवती उभे राहून घरांच्या किमतींवर बोलणार, बायका आत, मुलं ट्रॅम्पोलिनवर. मला तेव्हा जाणवलं नव्हतं, पण परदेशात माणूस जोडीने रुजतो. बोलावणं "तुम्ही दोघं या" असंच असतं. गाडीत जागा चौघांची, टेबलाला खुर्च्या सहा, बॅडमिंटनचं कोर्ट मिळालं की दोन जोडप्यांचं. एकट्या माणसासाठी या सगळ्यात जागा कुठे ठेवायची हे कुणी ठरवलेलंच नसतं.

वर्षातला सगळ्यात मोठा दिवस संक्रांतीच्या हळदीकुंकवाचा. आता ही संक्रांत तिकडची. जानेवारीत आमच्याकडे भर उन्हाळा, डोंगराकडून गरम वारा सुटलेला आणि आम्ही काळ्या साड्या नेसून, गळ्याला सनस्क्रीन चोळून तिळगूळ खाणार. वाण लुटायला दोन डॉलरच्या दुकानातून आणलेले डबे, चमचे. एका वर्षी तर एकीने जँडल्स लुटल्या होत्या. सौभाग्याचं वाण म्हणून सपाता! आम्ही पोट धरधरून हसलो होतो. मी काही देव-देव करणारी नाही. घरात दिवासुद्धा रोज लागत नाही. पण त्या दिवशी मला आपण कुठलेतरी आहोत असं वाटायचं.

२०१८च्या हिवाळ्यात नवरा गेला. ऑफिसात, मीटिंगमध्ये बोलता बोलता. चाळिशीसुद्धा पूर्ण झाली नव्हती. ज्या हॉस्पिटलमध्ये मी काम करत होते तिथेच त्याला आणलं आणि मी दोन जिने उतरून खाली पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

त्या दिवसांत या आठ-दहा घरांनी माझ्यासाठी जे केलं ते मी विसरणार नाही आणि पुढचं सांगताना ते आधी सांगायलाच हवं. गुरुजी पुण्यात फोनवर आणि इथे एकजण त्यांचं ऐकून विधी करतोय, असं सगळं त्यांनी पार पाडलं. कित्येक आठवडे डबे येत होते. मैत्रीण रात्रपाळी करून यायची आणि माझ्या मुलीची वेणी घालून शाळेत सोडायची. बायकांनी माझं बाथरूमसुद्धा घासलं. भाऊ म्हणाला, "परत ये, इथे सगळे आहेत." मी म्हटलं, "इथेही आहेत." मी ते मनापासून म्हटलं होतं.

पण वसंत आला तसे डबे थांबले, ते साहजिकच होतं, आणि डब्यांबरोबर शनिवारही थांबले, ते मला कळायला वेळ लागला. कुणी मुद्दाम केलं नसेल. कुठे जोडीजोडीने समुद्रावर जायचं ठरलं की माझं नाव कुणाच्या ओठावर येऊन परत जात असेल. फार्मसीतली माझी बॉस, मोठ्या आवाजाची, मायाळू बाई, मला एका गुरुवारी ओढून पबमधल्या क्विझला घेऊन गेली. "यू आर कमिंग, नो आर्ग्युमेंट." तिथे मी जोडीने आले की एकटी, याचं कुणाला काही नव्हतं. मला बरं वाटलं. मी जातही राहिले. पण तिथे मी काय गमावलं ते कुणाला समजावून सांगायचं म्हटलं, तर संक्रांत म्हणजे काय इथपासून सुरुवात करावी लागली असती.

जानेवारी आला. आम्हा बायकांचा व्हॉट्सॅपवर एक गट होता. एरवी जानेवारीत त्यावर नुसता गलका असतो, तीळ कुठे मिळाले, कुणाच्या घरी करायचं, काळी साडी कुणाची उसनी. त्या वर्षी गट एकदम गप्प. मला वाटलं, माझ्या दुःखाचा मान राखून या वर्षी कार्यक्रमच केला नसेल. मला बरंही वाटलं, थोडं अपराधीही.

फेब्रुवारीत शाळा उघडली. घरी येताना गाडीत मुलगी मागच्या सीटवरून म्हणाली, "आई, व्हाय डिडन्ट वी गो?"

"कुठे?"

"तिच्या घरी. एव्हरीवन वेंट. दे हॅड हीप्स ऑफ तिळाचे लाडू. ती म्हणाली तिने ब्लॅक फ्रॉक घातला."

ती म्हणजे माझ्या मैत्रिणीची मुलगी. माझ्या नसलेल्या हळदीकुंकवाची बातमी मला सहा वर्षांच्या मुलीने दिली. त्यांनी नवा गट केला होता. त्यात सगळ्या होत्या, मी नव्हते.

मी गाडी एका दुकानासमोर उभी केली. मुलीला आइस्क्रीम घेऊन दिलं आणि ती खाईपर्यंत स्टिअरिंग धरून बसून राहिले. पुण्यात माझ्या आईच्या पिढीत हे होतं, मला माहीत होतं. मी ते वाचलं होतं, त्यावर कॉलेजात तावातावाने बोललेही होते. पण या बायका? डॉक्टर, नर्स, सॉफ्टवेअरवाल्या. शॉर्ट्स घालून डोंगर चढणाऱ्या, नवऱ्याला भांडी घासायला लावणाऱ्या. इतका समुद्र ओलांडून येताना विमानतळावर यांचं लोणचं जप्त झालं आणि हे मात्र सुखरूप आलं! वर आपलेच दात आणि आपलेच ओठ. तक्रार तरी कुणाकडे करणार?

मैत्रीण त्याच आठवड्यात सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये भेटली. आधी उन्हाबद्दल बोलली, मग मुलांच्या स्विमिंगबद्दल. ताकाला जाऊन भांडं लपवणं तिला कधीच जमलेलं नाही, चेहरा लगेच पडतो.

"कळलं ना तुला?" शेवटी तीच म्हणाली. "अगं, आम्ही किती विचार केला. तुझ्यासमोर ते सगळं... तुला वाईट वाटलं असतं गं."

"वाटलं असतं. मग मी नाही म्हटलं असतं. किंवा आले असते आणि रडले असते. पण ते माझं मी ठरवलं असतं ना? तू मला नाही म्हणायलासुद्धा जागा ठेवली नाहीस."

मी अजून म्हणाले. म्हणाले की तू माझ्या मुलीच्या वेण्या घातल्यास, माझी उलटी पुसलीस, तेव्हा मी चालत होते. कुंकवाच्या वेळी मात्र नाही. तिच्या हातातली पिशवी खाली पडली, बटाटे गाड्यांखाली गेले आणि आम्हा दोघींपैकी कुणीही ते उचलले नाहीत.

त्यानंतर आमचं बोलणं बंद झालं. मी भावाला कळवलं की वर्षभरात मुलीची शाळा बघून परत यायचं म्हणते. हे मी रागाने म्हटलं नव्हतं. मला खरंच वाटत होतं की माणसं नसतील तर या शहरात माझं काय आहे? नोकरी पुण्यातही मिळेल. शनिवार आले आणि गेले. मुलगी आणि मी समुद्रावर जायचो, चिप्स खायचो, सीगल्सशी भांडायचो आणि साडेसहाला घरी. असा एकटेपणा मला नवरा गेला तेव्हासुद्धा आला नव्हता. तेव्हा निदान घर भरलेलं होतं.

पुढच्या जानेवारीत एका दुपारी बेल वाजली. इथे कुणी न कळवता येत नाही, आपली माणसंसुद्धा "येऊ का" असा मेसेज टाकतात. दारात मैत्रीण. साडी नेसलेली, हातात कुंकवाचा करंडा. गावाकडे बायका घरोघर बोलावणं करायला जातात तशी ती आली होती, व्हॉट्सॅपवर नाही.

"शनिवारी माझ्याकडे हळदीकुंकू आहे," ती पाठ केल्यासारखं म्हणाली. "तू यायचंस. नाही म्हणालीस तरी चालेल. पण मी विचारायला आलेय." आणि मग तिच्या नेहमीच्या आवाजात, "आई आलीय माझी नाशिकहून. वड्या तीच करणारे."

मी तिला लगेच हो म्हटलं नाही. "बघते," म्हटलं. तेवढा ताठा मला राहिलाच होता. दार लावल्यावर मात्र कपाटातून काळी साडी काढली.

शनिवारी मी सवयीने मागच्या दाराने थेट स्वयंपाकघरात गेले, हातातलं भेळेचं पातेलं ठेवायला. तिथे तिची आई ओट्याशी वड्या कापत होती. बारीक अंगाची, फिकट साडी, कपाळ मोकळं. मैत्रिणीचे वडील दोन वर्षांपूर्वी गेले होते, ते मला माहीत होतं. मी नमस्कार केला.

"तू ती होय," मावशी म्हणाल्या. "जा, बाहेर बस सगळ्यांत. मला इथे पुष्कळ काम आहे." काम काही नव्हतं. वड्या कापून झाल्या होत्या, ओटा पुसलेला होता.

बाहेर सगळ्या होत्या. मला बघून एकदम हसल्या, एकदम सरकल्या, दोघीतिघींनी एकदम पाणी विचारलं. मग मैत्रीण तबक घेऊन आली आणि सरळ माझ्यापाशी. तिचं बोट कुंकवात बुडालेलं होतं. ती किती धीर गोळा करून आली आहे ते मला दिसत होतं. तरीही मी तिचं मनगट धरलं.

"आधी आत विचारून ये."

"आईला?" ती दचकली. "अगं, आई नाही लावून घ्यायची. तिचं तिला माहीत आहे. ती स्वतःच आत बसलीय."

"नसेल लावून घ्यायची. तू विचारलंस?"

ती तबक घेऊन आत गेली. दार उघडंच राहिलं, त्यामुळे आम्हाला सगळं ऐकू आलं. आधी तिचं विचारणं. मग मावशींचा आवाज, अगदी शांत.

"नको गं मला. माझं मन नाही होत." आणि म्हणाल्या, "तिकडे दोन संक्रांती झाल्या. गल्लीतल्या बायका माझ्या दारावरून पुढे गेल्या, समोरच्या घरी. मी खिडकीतून बघत होते. इथे आले तर तूही मला वड्या करायला सांगितल्यास, बस म्हणाली नाहीस. मला वाटलं, हिलाही तसंच वाटतं."

"आई, मी..."

"कुंकू नको. पण विचारत जा मला."

मावशी बाहेर आल्या. पदराला हात पुसत माझ्या शेजारी बसल्या आणि दारात तबक घेऊन रडत उभ्या राहिलेल्या लेकीला म्हणाल्या, "आता काय? हिला विचारलंस ना तू? ही आलीय ना? मग लाव की."

मी मान वर केली. तिचं बोट कपाळाला टेकलं आणि मला नवऱ्याची अशी आठवण आली की आवरेना. तो गेल्यापासून मी बाथरूममध्ये रडले होते, गाडीत रडले होते, गोळ्या मोजता मोजता रडले होते. माणसांत पहिल्यांदा रडले. त्यांना वाटलं होतं तेच झालं, मला वाईटच वाटलं, फार वाईट वाटलं. कुणी मला गप्प बस म्हणालं नाही आणि मीही उठून घरी गेले नाही.