अ‍ॅकॉर्डियनचा भाता

नव्वदच्या दशकात आम्ही क्लीव्हलंडला राहत होतो. शेजारी एक म्हातारं स्लोव्हेनियन जोडपं होतं. दोघांचेही आईवडील तिकडून पोलादाच्या कारखान्यात कामाला आलेले. आजोबाही जन्मभर तिथेच राबले. शनिवारी संध्याकाळी गॅरेजचं दार वर करून ते बटणांचं अ‍ॅकॉर्डियन वाजवत आणि आजी धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालता घालता पोल्का या नाचाच्या तालावर पाय आपटत. माझी मुलं त्यांना आजी-आजोबाच म्हणायची.

मग आजोबांना अर्धांगाचा झटका आला आणि डावा हात गेला. आजी वृद्धांच्या नर्सिंग होममध्ये. डोळे अधू झालेले, माणसं ओळखणंही संपत आलेलं.

"माझा आवाज तिला कळत नाही आता," एकदा आजोबा म्हणाले. "वाजवणं कळेल. तू पेटी वाजवतेस ना? भाता तू सांभाळ, बटणं मी दाबतो."

मी लगेच हो म्हटलं. भात्यात काय अवघड? पेटीला मारते तसा संथ, एकसारखा भाता मारला आणि सगळं बेसूर झालं. त्या वाद्यात एकाच बटणातून भाता ओढताना एक सूर निघतो आणि दाबताना दुसरा.

"तुमच्याकडे भाता म्हणजे नुसती हवा वाटतं?"

"हो. आणि आमच्याकडे वाजवणारा एकच असतो."

ते हसले. त्यानंतर रोज संध्याकाळी स्वयंपाक उरकून मी त्यांच्याकडे जायची. ते मानेनं खुणावत, मी ओढायची, दाबायची. आजींच्या आवडत्या पोल्काची धून हळूहळू बसली.

एका रविवारी आजींच्या पलंगाशी खुर्चीला खुर्ची लावून आम्ही ती वाजवली. कुठेही चुकलो नाही. चादरीखाली आजींचा पाय हलायला लागला. आजोबांनी माझ्याकडे पाहिलं.

"छान वाजवता," आजी म्हणाल्या. "कोण तुम्ही?"

"अगं, मी."

"चला, चेष्टा पुरे. माझा नवरा असा ओढत नाही. त्याचा भाता मला भिंतीपलीकडून कळतो." मग त्या म्हणाल्या, "त्याला बोलवा ना कुणीतरी."

माझा हात भात्यावरच राहिला.

"त्याला यायला जरा वेळ लागेल," आजोबा म्हणाले. "तोवर आम्ही वाजवू?"

"वाजवा."

त्यांनी मानेनं खूण केली. मी भाता ओढला.