दोरीपलीकडचा माग

आमच्या शाळेतील इतिहासाच्या सरांइतका निरुपयोगी मार्गदर्शक सोलापुरात शोधूनही सापडला नसता. मुलांना दरवर्षी संग्रहालयात न्यावे आणि तेथे आपण चकार शब्द काढू नये, हा त्यांचा परिपाठ होता. मी मुख्याध्यापक या नात्याने त्याचे कारण विचारले, तेव्हा ते म्हणाले, "मी बोललो की मुलं माझ्याकडे बघतात, साहेब. वस्तू राहते बाजूला."

त्यांना मोजदाद मुळीच जमत नसे. बस सुटण्यापूर्वी मुले चार वेळा मोजली तर चार निरनिराळे आकडे निघत, कारण मध्येच ते कुणाला तरी डबा आणलास का म्हणून विचारत. एकदा आकडा पहिल्याच फेरीत जुळला. त्या आनंदात त्यांनी बस तत्काळ सोडली. संग्रहालयाच्या दारात उलगडा झाला, की एक मुलगी शाळेच्या नळावरच राहिली असून तिच्या जागी मंद्रूपच्या बाजाराला निघालेले एक शेतकरी आजोबा येऊन बसले आहेत. मुलीला शिपाई रिक्षाने घेऊन आला. आजोबा गोंधळून म्हणाले, "अवो मास्तर, ही गाडी मंद्रूपला न्हाय व्हय?"

"नाही आजोबा. पण आलाच आहात, तर या आत."

आत विहिरीतून पाणी काढायची चामड्याची जुनी मोट होती. तिच्यापाशी आजोबा थबकले. "हिला हितं कशाला टांगलीया? लई पाणी वडलंय की आमी हिनं!" पुढचा तासभर मुले त्यांना सोडेनात. बाजार बुडाला तो बुडालाच. त्या दिवसापासून सरांनी प्रथाच पाडली: प्रत्येक सहलीला कुणातरी विद्यार्थ्याच्या घरचे एक वडीलधारे माणूस सोबत न्यायचे. परवानगीच्या अर्जात त्या व्यक्तीपुढे ते 'माहितगार' असे लिहीत आणि मी, फारसे न वाचता, सही करीत असे.

अशीच एका वर्षी विणकराच्या घरातील एका मुलीची आजी आली. घरी तेलुगू बोलणाऱ्या या आजींना सगळे अव्वा म्हणत. संग्रहालयात दोरीपलीकडे एक हातमाग होता. त्यावर अर्धवट विणलेले कापड आणि समोर 'हात लावू नये' अशी पाटी. अव्वांनी पाटीकडे पाहिलेच नाही.

"अय्यो, सुताची तार तुटलीय की! कुणी बघितलं न्हाय व्हय?"

"हात लावायचा नसतो, अव्वा," नात कुजबुजली.

"तुटकी तार तशीच ठेवून उठायचं? सासूनं जेवायला वाढलं नसतं मला!"

त्या वाकल्या, आणि सरांनी दोन्ही हातांनी दोरी वर उचलून धरली. अव्वा मागावर बसल्या, तार सांधली, आणि जुळली की नाही हे पाहण्यासाठी आडव्या धाग्याचा धोटा चार वेळा इकडून तिकडे फेकला. मुले वाकवाकून पाहत होती. तेवढ्यात पहारेकरी धावत आला.

तिसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर तक्रारीचे पत्र आले. सरांना बोलावले. मी काय घडले ते विचारले नाही. चूक कुणाची, एवढेच विचारले.

"माझीच," ते म्हणाले. "पण साहेब, तार जोडली गेली."

मी संग्रहालयात जाऊन दोन शब्द बोलू शकलो असतो. परंतु पत्राची प्रत संस्थेच्या अध्यक्षांना गेली होती आणि मला त्यांची भीती वाटली. म्हणून मी नेटक्या अक्षरात आदेश लिहिला: सहली पुढील सूचनेपर्यंत बंद. सरांनी तो वाचून घडी केली आणि म्हणाले, "अव्वांना हे कळू देऊ नका. त्यांना वाटतंय, आपण संग्रहालयाच्या उपयोगी पडलो."

सर शाळेत असेपर्यंत ती पुढील सूचना मी काढलीच नाही. दोन वर्षांनी ते निवृत्त झाले. निरोपसमारंभात मी त्यांच्या सचोटीवर बोललो, सहलींवर नाही. त्यांनीही तो विषय काढला नाही. हा त्यांचा चांगुलपणा होता आणि मी तो सोयीने स्वीकारला.

यंदा मी स्वतः वर्ग घेऊन गेलो. मुले दोनदा मोजली. बाहेरचे कुणी नव्हते. रांगेत, हात मागे बांधून, सगळी फिरली आणि मी प्रत्येक वस्तूची माहिती व्यवस्थित सांगितली. मागापाशी एका मुलीने हात अर्धा वर केला, माझ्याकडे पाहिले आणि खाली घेतला. निघताना तेथील अधिकारी म्हणाले, "मुलं फार शिस्तीची आहेत तुमची." मी आभार मानले.

बसमध्ये त्या मुलीच्या शेजारी जाऊन बसलो. "मघाशी काय विचारायचं होतं गं तुला?"

"काही नाही सर," ती म्हणाली, आणि माझ्यासाठी आणखी थोडी सरकून बसली.