खोटी तारीख

दादाने कल्याणजवळ मोहने गावात फ्लॅट घेतला, तेव्हा मी तेवीस वर्षांची होते. ठाण्याच्या एका ऑफिसात कामाला लागून वर्ष झालेलं. डोंबिवलीच्या आमच्या दोन खोल्यांत आई-बाबा, दादा-वहिनी आणि मी असे पाच जण राहत होतो. नव्या घराची वास्तुशांत झाली की दादा-वहिनी तिकडे जाणार होते. मुहूर्त काढायचं काम काकूने स्वतःकडे घेतलं होतं. ती ठाण्याला राहते, आणि आमच्याकडचं कुठलंही कार्य तिला विचारल्याशिवाय होत नाही.

त्या संध्याकाळी आई मेथी निवडत बसली होती आणि काकू फोनवर होती. फोन स्पीकरवर, पाटाशेजारी ठेवलेला. गुरुजींनी पुढच्या आठवड्यातला रविवार दिला होता. काकू म्हणाली, "आधी पोरींच्या तारखा विचारून घे. मागे माझ्याकडे सत्यनारायणाला ऐन वेळी सूनबाई बाजूला बसली, किती पंचाईत झाली."

वहिनी ओट्यापाशी होती. तिने तिथूनच सांगितलं, "माझी होऊन गेली."

"आणि तुझी गं?" आईने मान वर न करता मला विचारलं.

माझी तारीख उलटून आठवडा झाला होता. आईच्या ते लक्षात आलं नव्हतं, घराच्या गडबडीत तिला वेळच नव्हता. पण आता ती आठवू लागली असती. मी म्हणाले, "आजच आली."

"बरं झालं," काकू फोनमधून म्हणाली, "पूजेच्या आत मोकळी होईल."

हे एवढं बोलून मी बाथरूममध्ये गेले आणि नळ सोडून उभी राहिले. काय बोलून बसले ते मला तिथे कळलं.

तो आणि मी दोन वर्षं एकत्र होतो. तो कल्याणला एका मोबाइलच्या सर्व्हिस सेंटरमध्ये कामाला होता, आणि त्याच्या-माझ्या घरात कुणालाही आमचं माहीत नव्हतं. एका रविवारी खडवलीला त्याच्या मित्राची खोली रिकामी होती. आम्ही काळजी घेतली होती, तरी ऐन वेळी गडबड झालीच. दुसऱ्या दिवशी त्याने मेडिकलमधून गोळी आणून दिली, मी कल्याण स्टेशनच्या पुलाखाली उभं राहून पाण्याबरोबर गिळली, आणि आम्हा दोघांनाही वाटलं की विषय संपला. खोका आणि आतला कागद त्याने तिथेच कचऱ्यात टाकला. मग तारीख आली आणि गेली.

आमच्याकडे फार सोवळं-ओवळं नाही. पण देवघराला हात लावायचा नाही, लोणच्याच्या बरणीला शिवायचं नाही आणि चार दिवस निराळी चादर घ्यायची, एवढं आई पाळते. मी ते सगळं खोटं खोटं पाळलं. रोज सकाळी एक कोरं पॅड उघडायचे, वर्तमानपत्रात गुंडाळायचे आणि कचऱ्याच्या डब्यात टाकायचे, कारण कचरा बाहेर ठेवायचं काम आईचं होतं. देवापुढे दिवा लावायची वेळ झाली की आई वहिनीला हाक मारायची, आणि मी बाहेरच्या खोलीत टीव्हीकडे बघत बसायचे. टीव्हीवर काय चाललंय ते मला दिसत नसायचं. माझं सगळं लक्ष पोटाकडे. जरा कुठे कळ आल्यासारखी वाटली की उठून बाथरूममध्ये जायचं, आणि तसंच परत यायचं. वहिनी म्हणाली, "या वेळी फारच त्रास होतोय गं तुला." मी मान डोलावली.

ऑफिसात टेस्ट केली. एकच रेघ आली. ती पट्टी मी उजेडात धरून, तिरकी करून, परत परत बघितली. बाहेर कुणीतरी दार वाजवलं. एक रेघ म्हणजे नाही, हे मला माहीत होतं. पण नेटवर लिहिलेलं की लवकर केली तर चुकीचीही येते. मग माझी लवकर होती की वेळेवर, हे कुणाला विचारायचं?

त्याला भेटायला कल्याणला गेले. दुर्गाडी किल्ल्याच्या खाली खाडीच्या काठावर आम्ही नेहमी बसायचो, तिथेच बसलो.

"झालं काही?" त्याने विचारलं.

"नाही."

"पण टेस्ट तर निगेटिव्ह आलीय ना?"

"मग पाळी का येत नाही?"

तो म्हणाला, "तसं काही असेल, तर आपण लग्न करू."

"घरी सांगशील?"

"सांगेन ना." मग थोडं थांबून, "ताईचं ठरू दे फक्त. तिचं झाल्याशिवाय माझं कुणी ऐकूनच घेणार नाही. तुला माहितीये बाबा कसे आहेत ते."

"आणि तोवर मी काय करू?"

एक मित्र म्हणतो की मेडिकलवर अजून कसल्या कसल्या गोळ्या मिळतात, असं काहीतरी त्याने चाचरत सांगितलं. मी म्हटलं, डॉक्टरला विचारल्याशिवाय मी आता काहीही गिळणार नाही. "मग डॉक्टरकडे जाऊ या," तो म्हणाला. "कुठल्या?" मी म्हणाले. डोंबिवलीत प्रत्येक डॉक्टरच्या बाहेर आमच्या बिल्डिंगमधलं कुणी ना कुणी बसलेलं असायचं, आणि कल्याणमध्ये त्याच्या ओळखीचं. तो वाईट नव्हता. त्याचेही डोळे सुजलेले होते, जेवत नव्हता, दर तासाला मेसेज करायचा. पण तिथून उठून तो घरी जाणार होता, आणि त्याच्या घरात त्याला कुणी तारीख विचारणार नव्हतं. त्या दिवशी मला त्याचा फार राग आला, आणि राग काढून उपयोग नाही हेही कळत होतं.

मग एकटीच ठाण्यातल्या एका दवाखान्यात गेले, स्टेशनपासून लांबच्या. काउंटरवरच्या बाईने नाव विचारलं, वय विचारलं, आणि मोठ्याने म्हणाली, "मिस्टरांचं नाव?"

बाकावर बसलेल्या बायका माझ्याकडे बघत होत्या. कदाचित बघतही नसतील. मी फोन कानाला लावला, "आलेच हं," म्हणाले आणि जिना उतरले. रिक्षा केली आणि ऑफिसात जाऊन बसले. दिवसभर एकच ईमेल उघडून ठेवलेला.

रविवार आला. सकाळी वहिनीने मला तिची फिकट पिवळी साडी नेसवली. मोहन्याच्या त्या घराला अजून रंगाचा वास येत होता, खिडक्यांच्या काचांवरचे कागदही काढलेले नव्हते. गुरुजी म्हणाले, घरातली मुलगी पाण्याची कळशी घेऊन आधी आत येऊ दे, मागून यजमान. काकूने कळशी माझ्या हातात दिली आणि जमलेल्या बायकांना म्हणाली, "आमच्यातली कुमारिका आता हीच एक उरलीय." सगळ्या हसल्या. मीही हसले. उंबरा ओलांडताना पाणी हिंदकळून साडीवर सांडलं. काकू म्हणाली, "अगं, सावकाश."

होम सुरू झाला. मी वहिनीच्या मागे बसले होते, समिधा आणि तूप पुढे द्यायला. मध्येच ओटीपोटात कळ आली. गेल्या काही दिवसांत अशा इतक्या येऊन गेल्या होत्या की मी लक्ष दिलं नाही. गुरुजींनी नारळ मागितला, तो आणायला मी उठू लागले, तेवढ्यात मागून खांद्यावर हात पडला. आईचा.

"बस," ती हळूच म्हणाली. "उठू नकोस. नारळ मी आणते."

मी तिच्याकडे बघितलं आणि समजले. आईने नारळ दिला आणि येऊन माझ्या अगदी पाठीशी बसली, गुडघे माझ्या कमरेला टेकवून. आहेरातली एक शाल तिने उलगडून माझ्या मांडीवर आणि मागे नीट सारली. एवढ्या धगीत शाल कशाला, असं कुणीतरी विचारलं. आई म्हणाली, "कणकण आहे तिला."

होम संपेपर्यंत मी तशीच बसून होते. जन्मभर मला देवघरापासून लांब बसवणारी माझी आई मला अग्नीपुढे धरून बसली होती. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण पाठीला टेकलेले आईचे गुडघे सोडून मला दुसरं काहीच जाणवत नव्हतं.

लोक पाया पडायला उठले, त्या गर्दीत तिने मला बाथरूमपर्यंत नेलं. वहिनीच्या बॅगेतून पॅड आणून दाराच्या फटीतून दिलं. बाहेरूनच म्हणाली, "मागच्या आठवड्यात झाली होती ना तुझी."

मी नळ सोडला.

"आवर लवकर. आरतीला उभी राहा."

"आरतीला?"

"नाहीतर सगळ्या विचारतील."

मी नव्या कोऱ्या फरशीवर बसले. त्याला मेसेज केला, "आली." त्याने लगेच हात जोडल्याच्या खुणा पाठवल्या, ओळभर. मी फोन बंद केला.

आरतीच्या वेळी आई माझ्या शेजारी उभी होती. सगळे टाळ्या वाजवत होते, तिने दोन्ही कान धरले होते, डोळे मिटलेले, ओठ हलत होते. ती कुणासाठी माफी मागत होती मला माहीत नाही. प्रसाद घेताना तिने माझ्या हातावर आधी शिरा ठेवला, मग स्वतः घेतला.

परत येताना रिक्षात आम्ही दोघीच होतो. "दुखतंय का फार?" तिने विचारलं. मी हो म्हणाले. मग ती म्हणाली, "कुठे दाखवलंस का?"

"नाही."

"जाऊ आपण."

त्याच आठवड्यात ती मला ठाण्यातल्या एका डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. बाईंनी विचारलं, "लग्न झालंय?" मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "नाही. तुम्हाला काय विचारायचं ते तिला विचारा. मी बाहेर बसते." आणि ती खरंच उठून बाहेर गेली, दार ओढून घेतलं.

बाईंनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. तपासलं, लघवीची टेस्ट पुन्हा केली. म्हणाल्या, काही नाही. ती गोळी घेतली की बऱ्याच जणींची तारीख पुढेमागे होते. "सांगितलं नाही कुणी?"

कोण सांगणार होतं. पुढे काय काळजी घ्यायची ते त्यांनी समजावलं, पण मला नीट ऐकूच येत नव्हतं. ते सगळे दिवस, ती कोरी पॅडं, ती कळशी, हे सगळं या एका वाक्याअभावी गेलं होतं.

बाहेर आले तेव्हा आई बाकावर पर्स मांडीवर घेऊन बसली होती. माझ्या तोंडाकडे तिने एकदा बघितलं, आणि तिला हवं होतं ते कळलं असावं, कारण तिचे खांदे खाली आले. जिना उतरताना मी ठरवलं, आता विचारलं तर सगळं सांगायचं. त्याचं नाव, खडवली, सगळं. तिने विचारलं नाही. स्टेशनजवळ म्हणाली, "चहा घेऊ या?" आम्ही उभ्यानेच चहा घेतला.

पुढे वर्षभरात आमचं दोघांचं मोडलं. कारण हे नव्हतं, असं मी म्हणते. आईने त्यानंतर मला कधीच तारीख विचारली नाही. कुठलंही कार्य असलं तरी नाही. काकूने विचारलं तर तीच परस्पर सांगते, "तिचं काही नाही, ती आहे मोकळी." खरं काय ते तिला माहीत नसतं. मी अनेकदा तिच्याजवळ जाऊन बसते, विषय काढावा म्हणून. ती माझ्यापुढे निवडायची भाजी सरकवते, आणि मी निवडू लागते.