गोंड्याखालचे कान

वरातीच्या धंद्यासाठी मारवाडी घोडी घ्यायला मी सोलापुरातून अकलूजच्या घोडेबाजारात गेले होते. एका म्हाताऱ्याच्या घोडीचे कान मारवाडीसारखे टोकाला टोक लागलेले होते, पण अंग टांग्याला जुंपायच्या भीमथडीसारखं बुटकं आणि भक्कम. कानांच्या टोकांवरचा गोंडा मी उचलून पाहिला. खाली दोन्ही कान काळ्या दोऱ्याने एकमेकांना बांधलेले.

"भीमथडी आहे ना ही?"

"व्हय ताई. पर वरातीला भीमथडी कोण घेतंय?"

मीही घेणार नव्हते. तसं सांगितल्यावर त्याने लगेच दोरा सोडला.

"दोरा कशाला सोडलात? दुसरं गिऱ्हाईक येईल की," मी म्हटलं.

"येऊ दे. सकाळपासनं हाक मारतोय, तर हिला कान वळवता येईना."

तिला हाक मारून तो चालू लागला. हाक ऐकताच घोडी कान वळवून सैल दोरानेच मागोमाग गेली.

मी घेतलेली मारवाडी टेम्पोत चढवायला चार माणसं लागली.